क्लबमध्ये वाजणारं रॅप गाणं, सोबत पाहुणा कलाकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेबल नाही, मॅनेजर नाही, खर्च स्वतःचा आणि गाणं मात्र खार, लोअर परळ किंवा अंधेरीच्या क्लबमध्ये वाजावं असं वाटतंय, अशा मुंबईतल्या रॅपरकडून वारंवार येणारे हे प्रश्न आहेत. असं गाणं सर्वांत आधी डीजे ऐकतो, मग फ्लोअरवरचे पाय ऐकतात आणि शब्दांचा नंबर त्यानंतर लागतो. खालची बरीचशी उत्तरं या क्रमातूनच निघतात.

टेम्पो किती ठेवू?

पहिल्यांदाच करत असाल तर ९५ ते १०५ बीपीएम (मिनिटाला ठोके). हिंदी-पंजाबी सेटमधली बरीच गाणी याच्या आसपास असतात, त्यामुळे डीजेला तुमचं गाणं मध्ये घालायला कसरत करावी लागत नाही. पिच फेडर (डीजेच्या प्लेअरवरची वेग कमी-जास्त करणारी पट्टी) सहसा दोन्हीकडे सहा टक्क्यांपर्यंतच सरकेल असा ठेवलेला असतो. म्हणजे १०० चं गाणं ९४ ते १०६ पर्यंत सहज सरकतं. तुमचं गाणं ११३ चं असेल तर ते ना इकडचं ना तिकडचं. डीजेला ते आवडलं तरी लावायला जागा सापडत नाही.

ट्रॅपचा १४० (पाय ७० वर पडतात) आणि ड्रिलचा १४० च्या वरचा ठेका चालतो, पण हिप हॉप नाइटला. शनिवारच्या सर्वसाधारण गर्दीत तो फ्लोअर रिकामा करू शकतो. हाऊसवर (सरळ ठोक्यांच्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतावर) रॅप करायचा असेल तर १२० ते १२८. तिथे अक्षरं कमी करा. १०० बीपीएमला बारच्या (चार ठोक्यांच्या) सोळा भागांतला प्रत्येक भाग ०.१५ सेकंदाचा असतो, १२५ ला तो ०.१२ सेकंद होतो. एवढ्यात ‘स्वातंत्र्य’, ‘रक्तातलं’ अशी जोडाक्षरं जिभेला धरून बसतात.

मराठी रॅप क्लबमध्ये चालतो का?

चालतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाऊस गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर आलं, तेव्हा हा प्रश्न खरं तर निकालात निघाला. शिवाय मराठी नाचगाण्याचा मोठा फ्लोअर क्लबच्या बाहेर आहे: हळदीचा मंडप, कोळीवाड्यातली लग्नं, सोसायटीची पूजा. तिथला डीजेही डीजेच. त्याला फाइल देणारे रॅपर कमी आहेत, ही त्यांचीच चूक.

गाण्याची रचना कशी करू?

बार मोजून. १०० बीपीएमला चार ठोक्यांचा एक बार २.४ सेकंदांचा. एक चालणारा आराखडा असा: सुरुवात ८ बार, हुक (पुन्हा पुन्हा येणारा, गर्दी सोबत म्हणते तो भाग) ८, पहिलं कडवं १६, हुक ८, पाहुण्याचं कडवं १२, हुक ८, शेवट ८. एकूण ६८ बार, म्हणजे २ मिनिटं ४३ सेकंद. हुक १९ व्या सेकंदाला येतो. त्याहून उशीर नको.

सगळे भाग चार किंवा आठच्या पटीत ठेवा. डीजे आठ-आठ बारांच्या हिशेबाने मिसळतो. कडवं १५ बारांचं केलंत किंवा हुकपूर्वी एक जास्तीचा बार शांततेचा सोडलात, तर त्याचं दुसरं गाणं चुकीच्या जागी आदळतं. असं एकदा झालं की ते गाणं त्याच्या फोल्डरमधून जातं.

हुकच्या आधीचे दोन बार हलके करा: किक (ड्रमचा जड ठोका) काढा, बास (खालचे जड सूर) काढा, टाळी आणि आवाज ठेवा. मोठ्या सिस्टीमवर बास गायब होऊन परत येण्याचाच धक्का लोकांना उडवतो. तो धक्का मिक्समध्ये नंतर तयार करता येत नाही, रचनेतच असावा लागतो.

हुक मराठीत लिहिताना काय सांभाळायचं?

ओळ चार ते सहा शब्दांची असावी आणि शेवट दीर्घ स्वरावर व्हावा. ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ वर गर्दीला ओरडता येतं. ‘-लेलं’, ‘-तात’, ‘-णार’ वर तोंड मिटतं आणि आवाज विझतो. आज्ञार्थी क्रियापदं त्यामुळेच सोयीची पडतात: ‘ये’, ‘घे’, ‘हो’. ट, ठ, ड ही अक्षरं ठेक्यावर ठेवली तर ती स्वतःच तालवाद्याचं काम करतात.

‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तला ‘च’ यांची गर्दी हुकमध्ये टाळा. क्लबच्या ट्वीटरवर (उंच आवाजांच्या स्पीकरवर) ती कानाला टोचते. मिक्समध्ये ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (‘स’ची टोच कमी करणारं साधन) लावता येतो, पण हुकच ‘सगळे सरसर सरका’ असा असेल तर डी-एसर बोबडं करून ठेवतो.

ओळ तपासण्याची साधी रीत: बीट फोनवर मोठ्याने लावा, खोलीबाहेरच्या माणसाला ऐकू द्या आणि दोन वेळा हुक झाल्यावर म्हणून दाखवायला सांगा. अडखळला तर ओळ बदला.

पाहुणा कलाकार कसा निवडू?

फॉलोअर मोजून निवडलेला पाहुणा गाण्यात बहुतेक वेळा दुसरा ‘तुम्ही’च निघतो. आधी आवाजाचा पट्टा बघा. तुमचा आवाज खर्जातला आणि जड असेल तर पाहुणा वरच्या पट्टीतला, जलद किंवा गाणारा हवा. बाराव्या बारानंतर ऐकणाऱ्याचा कान कंटाळतो, त्या क्षणी नवा आवाज यावा एवढंच त्याचं काम. दुसरा निकष भाषा. तुमची प्रमाण किंवा मुंबईची मराठी असेल, तर आगरी-कोळी बोलीतला किंवा हिंदीतला पाहुणा नवी गर्दी आणतो.

पाहुणा गायक असेल तर त्याला हुक द्या, रॅपर असेल तर कडवं. रॅपरला १२ बार पुरतात. त्याने १६ लिहून पाठवले तर सगळ्यात कच्चे चार कापण्याचा हक्क तुमच्याकडे राहील हे आधीच बोलून घ्या, नंतर तो विषय नाजूक होतो.

पाहुण्याला नेमकं काय पाठवायचं?

पुढचं सगळं एका फोल्डरमध्ये घालून पाठवा:

- आवाजाशिवायचा बीट, २४ बिट वेव्ह फाइल, शून्य सेकंदापासून
- तुमच्या कच्च्या आवाजासह संपूर्ण गाणं
- बीपीएम, सूर आणि सॅम्पल रेट लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल
- त्याचे बार कितव्या सेकंदाला सुरू होतात आणि संपतात
- हुकचे शब्द, विषय आणि काय टाळायचं ते

त्याच्याकडून परत मागायचं ते असं: मुख्य आवाज, डबल (त्याच ओळी पुन्हा म्हटलेल्या) आणि अ‍ॅडलिब (ओळींमधले उद्गार) वेगवेगळ्या फाइलमध्ये, इफेक्टशिवाय, सगळ्या फाइल शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या. त्याचा ऑटोट्यून त्याच्या शैलीचा भाग असेल तर इफेक्टसह आणि इफेक्टशिवाय अशा दोन्ही घ्या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपले ते). त्याने ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं, तुमचं सेशन ४८ चं आहे आणि सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच वाजवली, तर आवाज जवळपास ९ टक्के जलद आणि दीड सेमीटोन चढा येतो. ‘पाहुणा बेसूर गायला’ अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा. दुसरी, एमपीथ्री. बीट एमपीथ्रीत पाठवला की फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. तो त्यावर रेकॉर्ड करतो, तुम्ही मूळ वेव्हवर बसवता आणि पूर्ण कडवं किंचित मागे रेंगाळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून काहीच पाठवू नका. ड्राइव्हची लिंक द्या किंवा झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्टुडिओ परवडत नाही. चाळीतल्या किंवा वन रूम किचनच्या खोलीत रेकॉर्ड होईल का?

होईल. पंखा आणि फ्रिज बंद, दुपारी दोन ते चार ही वेळ (कुकरच्या शिट्ट्या थांबलेल्या, मुलं शाळेत), पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर असेल तर तो दिवस सोडून द्या. माइकच्या समोर नाही, तुमच्या पाठीमागे गोधड्या किंवा गादी उभी करा. माइक तुमच्या दिशेने ऐकत असतो, म्हणून मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज आधी अडवायचा. रिकाम्या, फरशीच्या खोलीत कंडेन्सर माइक रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्नही टिपतो. तिथे साधा डायनॅमिक माइक बरा.

माइकपासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. भ, फ, प यांचा भपकारा तरीही आला तर तोंड थोडं तिरकं ठेवा. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठी ओळसुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. हुकचे किमान चार टेक घ्या: दोन मधोमध, एक डावीकडे, एक उजवीकडे.

घरी ८०८ (ड्रम मशीनवरून आलेला खोल बास) दणकतो, क्लबमध्ये मात्र नुसती घूं घूं येते. का?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं, कधी तिन्ही.

पहिलं, सूर फार खाली आहे. ८०८ खालच्या सी वर असेल तर त्याची मूळ कंपनसंख्या ३२.७ हर्ट्झ. बऱ्याच जागांचे सबवूफर तिथे दमदारपणे पोहोचतच नाहीत. एफ (४३.७), जी (४९) किंवा ए (५५) वर बांधलेलं गाणं छातीवर लागतं. बीट निवडतानाच सूर बघावा, नंतर हलवायला गेलात तर पाहुण्याचा आवाजही हलवावा लागतो.

दुसरं, किक आणि ८०८ एकाच क्षणी एकाच पट्ट्यात भांडतात. किक वाजते तेवढा वेळ ८०८ ला साइडचेनने (एक आवाज आला की दुसरा आपोआप खाली आणणाऱ्या जोडणीने) दाबा, किंवा किकचा खालचा भाग ६० हर्ट्झपासून छाटा. दोघांच्या लहरी उलट दिशेने सुरू होत असतील तर बास वाढवला तरी पोकळच वाटतो. एकाचा फेज उलटा करून ऐका. जे जास्त भरीव, ते ठेवा.

तिसरं, बास स्टीरिओत पसरवलेला आहे. अनेक क्लबमध्ये सिस्टीम मोनोच चालते. डावी-उजवी बाजू एकत्र झाली की पसरवलेला बास स्वतःलाच खातो. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध ठेवा आणि ३० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, ते कानाला फारसं ऐकू येत नाही पण अ‍ॅम्प्लिफायरची ताकद खातं. पूर्ण मिक्स एकदा मोनो करून ऐकणं सक्तीचं समजा. पाहुण्याचे रुंद केलेले डबल गायब झाले तर तिथेच कळेल.

फोनच्या स्पीकरवर मात्र उलटी अडचण: ४४ हर्ट्झ तिथे मुळीच वाजत नाही. ८०८ वर थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम दिलेला हलका खरखरीतपणा) दिलं की वरचे स्वरांश तयार होतात (८७, १३१, १७५ हर्ट्झ) आणि कान खालचा सूर स्वतः भरून घेतो.

मास्टर (गाण्याची अंतिम फाइल) किती लाउड हवा?

स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून वाजवतं. तुम्ही उणे ६ चं दिलंत तर ते खाली ओढलं जातं आणि चेपलेली किक तेवढी उरते. क्लबमध्ये असं आपोआप काही होत नाही, डीजे ट्रिम नॉबने जुळवतो. उणे ८ ते उणे ९ च्या आसपास थांबा, ट्रू पीक (आवाजाचं सर्वांत उंच टोक) उणे १ डेसिबल. लाउडनेसच्या शर्यतीत पहिला बळी किकचा जातो, आणि क्लबच्या गाण्यात किक गेली की उरतं काय.

बीट नेटवरून विकत घेतला आहे. पुरेसं आहे ना?

लायसन्स वाचा. स्वस्त ‘लीज’ हा एकट्याचा हक्क न देणारा भाडेकरार आहे: तोच बीट दहा जणांकडे असू शकतो, स्ट्रीमची मर्यादा असते आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (आवाज ओळखून आपोआप दावा लावणाऱ्या यंत्रणेत) गाणं नोंदवायला सहसा बंदी असते. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं स्ट्रीमिंग अ‍ॅपवर पोचवणाऱ्या सेवेकडे) अपलोड करताना कंटेंट आयडीच्या चौकटीत टिक केलीत, तर त्याच बीटवरच्या इतरांच्या गाण्यांवर दावे जातात, मग उलटे दावे येतात आणि तुमचं गाणं ऐन रिलीजच्या आठवड्यात अडकतं. पाहुणा घेतलेल्या गाण्यासाठी एक्सक्लुझिव्ह हक्क घ्या किंवा मुंबईतल्याच एखाद्या प्रोड्युसरसोबत (बीट बनवणाऱ्यासोबत) टक्केवारीवर बसा.

जुन्या कोळीगीताचा तुकडा किंवा ढोल-ताशाचा सॅम्पल वापरला तर?

दोन वेगळे हक्क असतात: शब्द-चाल यांचा आणि ध्वनिमुद्रणाचा. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात ६० वर्षं टिकतो. ‘पारंपरिकच आहे’ म्हणून उचललेल्या कित्येक कोळीगीतांना प्रत्यक्षात माहितीतले गीतकार-संगीतकार आहेत. दोन सेकंद चालतात, चार चालतात, असा कुठलाही नियम कायद्यात नाही.

ढोल-ताशाचं सोपं आहे. ठेक्यावर कोणाचा हक्क नाही, रेकॉर्डिंगवर आहे. एखाद्या पथकाला किंवा बँजो पार्टीतल्या दोन वादकांना तासभर बसवून स्वतः रेकॉर्ड करा, क्लिक (ठेका मोजणारी टिक-टिक) त्यांच्या कानात द्या आणि वापराची लेखी परवानगी घ्या. विसर्जनाचा मोबाइल व्हिडिओ कापून लावलेला ठेका क्लबच्या सिस्टीमवर लगेच उघडा पडतो.

पाहुण्याशी पैशांचं आणि हक्कांचं कसं ठरवायचं?

रेकॉर्डिंगच्या आधी, कागदावर. दोस्ती असेल तर जास्तच.

व्यवहार तीन प्रकारचे. एकरकमी मानधन, उत्पन्नात टक्केवारी, किंवा कडव्याच्या बदल्यात कडवं. तिसरा प्रकार नव्या लोकांत सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत जास्त फसतो, कारण परतीचं कडवं कधीपर्यंत द्यायचं ते कोणी लिहीत नाही. तारीख लिहा.

टक्केवारीत दोन वेगवेगळी खाती आहेत हे विसरू नका. एक मास्टरचं, म्हणजे स्ट्रीमिंगमधून डिस्ट्रिब्युटरमार्फत येणारा पैसा. दुसरं लेखन-संगीताचं. उदाहरणार्थ मास्टर: तुम्ही ५०, प्रोड्युसर ३०, पाहुणा २०. लेखन-संगीत: संगीत ५० प्रोड्युसरचं, शब्दांच्या ५० पैकी ३५ तुमचे आणि १५ पाहुण्याचे. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, बेरीज मात्र दोन्ही खात्यांत शंभर यायला हवी.

कॉपीराइट कायद्यातल्या (१९५७) काही गोष्टी करार लिहिताना कामी येतात. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘सगळे हक्क दिले’ एवढीच ओळ असेल, तर पाच वर्षांनी गाणं पुन्हा वादात. ‘संपूर्ण जग, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीपर्यंत’ असं स्पष्ट लिहा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा लिहून देऊन टाकता येत नाही. ‘रॉयल्टी सोडली’ हे कलम म्हणून निरुपयोगी. पाहुण्याला कलम ३८ खाली सादरकर्त्याचेही हक्क आहेत, त्यामुळे त्याची लेखी संमती हवीच.

बाकीच्या ओळी: नाव कसं छापायचं, व्हिडिओला येणार का, किती पोस्ट टाकणार, शोला आला तर वेगळं मानधन का, रीमिक्सला विचारायचं का. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, किमान ५०० चा लागतो.

आयएसआरसी आणि आयपीआरएस हे काय प्रकरण आहे?

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा १२ अक्षरी क्रमांक. बहुतेक डिस्ट्रिब्युटर तो देतात. क्लीन, इन्स्ट्रुमेंटल, डीजे व्हर्जन अशा प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक लागतो. आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था, १९६९ पासूनची, कार्यालय मुंबईत. ती सार्वजनिक वादनाची रॉयल्टी गोळा करते. तुम्ही, पाहुणा आणि प्रोड्युसर, तिघांनी सदस्य व्हावं आणि टक्केवारी सारखीच नोंदवावी. आकडे जुळले नाहीत की पैसे अडकून राहतात.

अपलोड करताना काय चुकतं?

सर्वाधिक चुकणारी गोष्ट म्हणजे पाहुण्याचं प्रोफाइल. त्याच्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर गाणं त्या परक्या प्रोफाइलवर जातं. नाव टाइप करू नका, त्याच्या स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल प्रोफाइलची लिंक त्याच्याकडूनच घ्या आणि ‘फीचर्ड’ भूमिकेत जोडा. गाण्याच्या शीर्षकात ‘फीट’ पुन्हा लिहू नका, काही स्टोअर ते आपोआप जोडतात आणि नाव दोनदा दिसतं.

चार आठवडे आधी अपलोड करा. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी गेलं, तरच ते तुमच्या फॉलोअरांच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांच्या यादीत) येण्याची खात्री असते. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल. शिवी असेल तर एक्सप्लिसिटवर टिक. विकतचे स्ट्रीम घेऊ नका: स्पॉटिफायने ते पकडले की गाणं काढलं जातं, आणि २०२४ पासून वर्षात १००० स्ट्रीमच्या खालच्या गाण्याला तसेही पैसे मिळत नाहीत.

डीजेला फाइल कशी द्यायची?

स्ट्रीमिंगची लिंक पाठवणं म्हणजे न पाठवण्यासारखंच. डाउनलोड होणारं फोल्डर द्या. त्यात डीजे व्हर्जन हवं: पुढे-मागे १६ बार नुसता ठेका. वरच्या आराखड्यात ८-८ बार वाढवले की ८४ बार, ३ मिनिटं २२ सेकंद. शिवाय क्लीन, इन्स्ट्रुमेंटल आणि नुसता आवाज. फाइल नावातच बीपीएम आणि सूर असावा, आणि नाव रोमन लिपीत असावं. जुन्या प्लेअरच्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसायची भीती असते.

फॉरमॅट: ३२० केबीपीएस एमपीथ्री किंवा ४४.१ किलोहर्ट्झची एआयएफएफ. ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह जुन्या सीडीजेवर (डीजेच्या प्लेअरवर) उघडत नाहीत. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला, नाहीतर काही प्लेअर तो ओळखतच नाहीत. वेळ साधा: रात्री अकराला गर्दीत डीजेच्या तोंडासमोर पेनड्राइव्ह धरू नका. सहा-सात वाजता साउंडचेकच्या वेळी भेटा.

शिव्या ठेवू का?

ठेवा, पण क्लीन व्हर्जन शब्द उलटा फिरवून किंवा ठेक्याचा ठोका घालून करा, ‘बीप’ नको. मंडपात किंवा मैदानात वाजणार असेल तर क्लीनच. सार्वजनिक जागी अश्लील गाणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली येऊ शकतं.

रात्री दहाचा नियम क्लबलाही लागतो का?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त जागेला सूट आहे, पण आवाज बाहेर गेला की तक्रार होते. गच्चीवरचा शो म्हणजे उघडी जागा. तिथे तुमचं गाणं साडेनऊला घ्या. क्लबमध्ये संगीत वाजवण्याचे परवाने जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने काढायचे असतात, कलाकाराने नाही.

स्टेजवर माइक शिट्टी मारतो. काय करू?

जाळी मुठीत धरणं बंद करा. माइकच्या जाळीमागच्या छिद्रांमुळे तो मागचा आवाज टाळतो. ती झाकली की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि मॉनिटरचा (स्टेजवर कलाकाराकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज पकडतो. दांडा धरा, मुख्य स्पीकरच्या पुढे जाऊ नका. पाहुण्याचा माइक त्याच्या हातात देण्याआधी चालू आहे का ते साउंडवाल्याला हुक सुरू असतानाच विचारा. पहिले दोन बार मुके जाणं ही मुंबईच्या क्लबांतली रोजची गोष्ट आहे.

वाजवायचा ट्रॅक म्हणजे रिलीज झालेलं गाणं नव्हे. मुख्य आवाज काढलेला, हुकचे डबल आणि अ‍ॅडलिब ठेवलेला ट्रॅक वेगळा एक्सपोर्ट करा.

पाहुणा शोला येणार नसेल तर त्याच्या कडव्याचं काय?

त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज बारा बार वाजत ठेवून तुम्ही नुसते उभे राहिलात तर २९ सेकंद फार लांब वाटतात. दोन ट्रॅक सोबत ठेवा. एकात त्याचं कडवं पूर्ण. दुसऱ्यात त्याचे पहिले चार बार आवाजासह, पुढचे चार बार नुसता ठेका आणि मग थेट हुक. त्या रिकाम्या चार बारांत त्याचं नाव घेऊन गर्दीकडून हुक म्हणवून घ्या. कुठला ट्रॅक वाजणार ते डीजेला आधी सांगा, आणि फाइलच्या नावात ‘पाहुणा नाही’ असं लिहूनच ठेवा.